पायांवर पिसं होती

पायांवर पिसं होती, बोटांच्या मुळापर्यंत, दाट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला चष्म्याचा नंबर विचारायला नको. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि तेव्हापासून मला माझ्या सुनेपेक्षा लांबचं दिसतं.

मी कमल वानखडे, राहणार परतवाडा. सत्तावीस वर्षं मेळघाटात वनरक्षक होते. नवरा शांताराम वनमजूर होता. वणवा अडवायची जाळरेषा काढताना अंगावर झाड पडून गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. बाई बीटवर काय दिवे लावणार म्हणून सगळे हसले. सहा महिन्यांत हसणं बंद झालं. रानपिंगळ्याचा सर्व्हे करायला पुण्या-मुंबईचे शास्त्रज्ञ यायचे, ते वानखडेबाईच सोबत पाहिजे म्हणून अडून बसायचे. कारण साधा पिंगळा कोणता आणि रानपिंगळा कोणता हे मी पक्षी पाठमोरा असला तरी सांगायची. त्यांच्यात राहून माझी वऱ्हाडी सुधारली असं लोक म्हणतात. बिघडली असं मी म्हणते.

माझा मुलगा शैलेंद्र डार्विनजवळ पामर्स्टनला राहतो. ॲडलेडला मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकला आणि नोकरीसाठी इकडे उत्तरेला आला. त्याची कंपनी काय करते, तर कोणाला जंगल तोडून गोडाऊन नाहीतर घरं बांधायची असली की आधी तिथे जाऊन कोणते पक्षी-प्राणी आहेत ते बघते आणि रिपोर्ट देते. म्हणजे आमच्याच खात्याचं काम, फक्त बूट चांगले. पैसे मात्र तोडणाराच देतो. हे ऐकलं तेव्हाच मी म्हटलं होतं, कुंपणच शेताशी सोयरीक जुळवतंय की रे. तो हसला होता.

जूनमध्ये मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. इथे जून म्हणजे हिवाळा. हिवाळा कसला बाप्पा, सकाळी वीस डिग्री, आणि सून प्रतीक्षा आठ वर्षांच्या ओवीला स्वेटर घालून शाळेत पाठवते. पण आकाश असं कोरडं, निळं की डोळे निवतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये करवानक बघितला. आपल्या माळरानावरचाच भाऊबंद, जरा उंच. गाड्यांच्या मधून लांब पायांनी असा चालत होता जसा काही तोच पार्किंगचा मुकादम. ओवीला मी त्याची नक्कल करून दाखवली, ती हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून पोरगी माझ्या मागे. आजी, हे काय, आजी, व्हॉट्स दॅट वन. मी आपल्याकडची नावं सांगायची, ती इंग्रजी नाव शोधून काढायची, आणि वहीत दोन्ही इंग्रजी अक्षरांत लिहायची.

घरात मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. शैलेंद्रची कंपनी या वर्षी त्याला नॉमिनेट करणार होती. केलं की सगळे पर्मनंट. नाही केलं तर व्हिसा डिसेंबरात संपतो. प्रतीक्षा भाजी चिरताना हेच बोलायची, कपडे वाळत घालताना हेच बोलायची. नऊ वर्षं झाली इथे येऊन, आई, आता परत जाऊन काय करायचं, ओवीला मराठी वाचतासुद्धा येत नाही. तिचंही खरंच होतं.

जूनच्या शेवटी शैलेंद्रला हायवेच्या पलीकडे एका जंगलाच्या तुकड्याचा सर्व्हे करायचा होता. तीनशे एकर, तिथे गोडाऊनं येणार होती. एकट्याने जंगलात जायचं नाही असा कंपनीचा नियम, आणि बरोबरचा पोरगा तापाने आडवा झालेला. शैलेंद्रने साहेबाला, ग्लेनला, फोन केला. आई सत्तावीस वर्षं फॉरेस्टात होती हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "टेक युअर मम, मेट. नो वरीज." फोन स्पीकरवर होता, मी स्वतः ऐकलं. हे लक्षात ठेवा.

मी तर हरखलेच. रिटायर झाल्यावर सात वर्षांनी अंगात खाकी नसली तरी पायात बूट होते. दिवसभर हिंडलो. शैलेंद्र झाडांचे घेर मोजत होता, मी वर बघत होते. एका पाणवठ्यावर पाच रंगांची इवलीशी चिमणी आली, जांभळी छाती, पिवळं पोट, हिरवी पाठ. शैलेंद्र कुजबुजला, आई, हलू नकोस, ही फार कमी राहिलीय, गुल्डियन फिंच. लोक हजारो मैलांवरून हिला बघायला येतात. मी म्हटलं, अरे मग लिही ना. "लिहिलंच," तो म्हणाला. ही फक्त पाणी प्यायला येते, आई, हिचं घरटं इथे नाही, म्हणून हिच्यावरून काही अडत नाही. तो मला समजावून सांगत होता आणि मला लहानपणी त्याला मी समजावून सांगायची ते आठवत होतं.

दुपारी चारच्या सुमाराला मला एका जाड युकॅलिप्टसच्या बुंध्याशी पांढरे ओघळ दिसले. खाली गोळे पडलेले. घुबड शिकार गिळतं आणि हाडं-केस गोळा करून ओकतं, तो गोळा. मी एक काडीने उकलला. आत जबडा निघाला, माझ्या करंगळीएवढा. आपल्याकडचं गव्हाणी घुबड एवढं मोठं जनावर मारत नाही. त्याचा गोळा उंदरांच्या हाडांचा असतो. मी दुर्बीण लावली आणि उभी राहिले. तीस फुटांवर ढोली होती, आणि उन्हं बरोबर तिच्या तोंडात शिरत होती. अर्धा तास लागला असेल. मग ते बाहेर आलं, ढोलीच्या ओठावर उभं राहिलं. तोंड गव्हाणीसारखंच, बदामासारखं, पण अंगाने दीडपट. आणि मी सवयीने पाय बघितले. रानपिंगळ्याचेही आम्ही पायच बघतो, पायांचं सोंग आणता येत नाही. गव्हाणीचे पाय लांब, काटकुळे, खाली उघडे. याचे जाडजूड, बोटांपर्यंत पिसांनी भरलेले. आत पिल्लं फिसफिसत होती, दोन तरी.

शैलेंद्रला हात केला. तो धावत आला, पण पाचोळा वाजला आणि पक्षी मागे सरला. त्याला फक्त तोंड दिसलं. फोटोही तोंडाचाच आला. मी जे बघितलं ते सांगितलं, तर तो मटकन खाली बसला. "आई, मास्क्ड आऊल आहे हे. इकडच्या उत्तरेचं वेगळं, फार थोडी उरलीत. मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही." आणि तिथेच मांडीवर टॅब ठेवून त्याने भरलं, मास्क्ड आऊल, प्रौढ एक, पिल्लं ढोलीत, पाहणारी व्यक्ती कमल वानखडे, निवृत्त वनरक्षक, सत्तावीस वर्षांचा अनुभव. मला वाचून दाखवलं. बटण दाबलं. जाताना गाडीत त्याने दोनदा माझ्या गुडघ्यावर हात मारला. माझ्या आयुष्यात रिटायरमेंटच्या नारळ-शालीनेही मला एवढं सुख दिलं नव्हतं.

तीन दिवसांनी ग्लेन घरी आला. बिअर आणली होती, ओवीला चॉकलेट आणलं होतं. गोड बोलणारा माणूस, मला मिसेस वानखडे म्हणाला. अंगणात शैलेंद्रबरोबर तासभर बसला. तो गेल्यावर शैलेंद्र आत आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता.

गोष्ट अशी होती. ते घुबड यादीत राहिलं तर सरकार पूर्ण सीझनचा वेगळा सर्व्हे मागणार. म्हणजे पुढचा हिवाळा. गिऱ्हाईक तोवर थांबणार नाही, दुसरी कंपनी धरणार. नोंद सिस्टीममध्ये गेलेली, ती कोणालाच पुसता येत नाही. पण पाहणाऱ्यानेच लिहून दिलं की मला खात्री नव्हती, साधं बार्न आऊलही असू शकतं, तर नोंद बदलते. बार्न आऊल म्हणजे आपलं गव्हाणी. ते इथे कावळ्याइतकं सामान्य.

"कोण पाहणारा?" मी विचारलं. उगाच विचारलं.

"तू."

"आणि नाही दिलं तर?"

उत्तर प्रतीक्षाने दिलं. "आई, ग्लेन म्हणाला की नॉमिनेशनचे पेपर त्याच्या टेबलावर आहेत. एवढंच म्हणाला. बाकी काही नाही म्हणाला."

मला असा संताप आला. मी म्हटलं, शैलेंद्र, मी पंचनाम्यावर खोटी सही कधी केली नाही, हे तुला पाठ आहे. नसेल तर परत सांगते. सागाचे चाळीस ओंडके पकडले होते मी, आणि आमचा साहेब, आरएफओ, म्हणाला अकरा लिहा, बाई, बाकीचे पावसात वाहून गेले. एप्रिल महिना होता. नाही केली मी सही. त्यावर मला ऊठ म्हणता बदली करून चिखलदऱ्याच्या पार पलीकडे फेकलं, जिथे एसटीही जात नव्हती. तरी नाही केली.

"माहीत आहे मला," शैलेंद्र म्हणाला. आवाज अगदी खालचा. "तू फेकली गेलीस. आणि मी? मी सात वर्षांचा होतो, आई. चार वर्षं मावशीकडे काढली मी. तिच्या पोरांचे उतरलेले कपडे घातले. ताटात वाढताना मावशी हेच म्हणायची, तुझ्या आईला पोरापेक्षा लाकडं जास्त. सगळे म्हणतात वानखडेबाईने सही केली नाही. त्या सहीची किंमत तू नाही दिलीस, मी दिली. आता ओवीला द्यायला लावू नकोस."

एकतीस वर्षांत एकदाही तो हे बोलला नव्हता. चूक म्हणावं तर काय चूक होतं त्यात? दर दोन महिन्यांनी मी यायची तेव्हा तो दाराआड उभा राहायचा, जवळ यायचा नाही. मी समजायची, पोरगं लाजतंय.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्याला म्हटलं, आण कागद. पण एक अट. पिल्लं आत आहेत. त्यांना उडायला अजून दोन महिने लागतील. ऑगस्ट संपेपर्यंत ते एक झाड ठेवा. बाकी तीनशे एकर तुमचं, सरकारचं, ज्याचं असेल त्याचं, ते एक झाड ठेवा.

"ठेवतो. मी बोलतो ग्लेनशी. एका झाडाने काही अडत नाही," शैलेंद्र म्हणाला.

कागद इंग्रजीत होता. त्याने वाचून मराठीत सांगितला. मी, कमल वानखडे, वय पासष्ट, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यांचा अनुभव नाही. अंतर जास्त होतं, प्रकाश डोळ्यांवर येत होता. मला खात्री नव्हती. प्रकाश डोळ्यांवर येत नव्हता, माझ्या पाठीमागून येत होता, म्हणून तर ढोलीत दिसलं. पण आता त्यात काय दुरुस्त करायचं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, निदान एका वेळी जावं. मी मराठीत सही केली, पंचनाम्यावर करायची तशीच, पूर्ण नाव. प्रतीक्षाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिला मी उठवलं, तिच्यावर माझा राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे पंचशील म्हणायला बसले. तीन शीलं म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. ते तोंडातून फुटेना. पाचवं म्हटलं आणि उठले. तेव्हापासून मी चारच म्हणते, आणि मला त्याची लाज वाटते.

नॉमिनेशन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी आम्ही धबधब्यावर पिकनिकला निघालो. हायवेवरून तो तुकडा लागतो. मी खिडकीशी बसले होते. झाडं येतील, येतील म्हणून बघत राहिले, आणि एकदम लाल माती सुरू झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. झाडं ढीग करून ठेवलेली, धूर येत होता. वर घारी फिरत होत्या, जळक्यातून काय पळतंय ते टिपायला. एक झाड उभं नव्हतं.

मी शैलेंद्रकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता.

"रिकामं होतं," तो म्हणाला. "पाडायच्या आधी माणूस चढवून बघतात, आई. रिकामं होतं असं सांगितलं त्यांनी."

"तू होतास का?"

"मी ऑफिसला होतो."

पाच आठवड्यांची पिल्लं कुठे जातात? पंखच फुटलेले नसतात. पण हे मी कोणाला सांगणार होते? मला त्या पक्ष्यांचा अनुभव नव्हता, तसं लिहून दिलेलं होतं. धबधब्यावर प्रतीक्षाने पुऱ्या काढल्या, मी खाल्ल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो आपल्याच पोराच्या हातचा असला की ओरडायचीही चोरी.

ऑगस्टमध्ये, मी निघण्याच्या आदल्या आठवड्यात, त्यांनी घरी जेवण ठेवलं. शैलेंद्रचा मित्र यतीन आणि त्याची बायको आली होती. पेपर पुढे सरकल्याचा आनंद होता, बिर्याणी होती. यतीनला पक्ष्यांचा नाद. त्याने विचारलं, अरे, त्या हायवेच्या साईटवर मास्क्ड आऊल निघालं होतं म्हणे?

मला वाटलं, शैलेंद्र विषय बदलेल. एवढी मला आशा होती.

शैलेंद्र हसला. "अरे कसलं मास्क्ड आऊल. आई आली होती बरोबर. तिला बार्न आऊल दिसलं आणि ती अशी काही हटून बसली, की पायांवर पिसं, आणि अमुक आणि तमुक. मीपण येडा, एन्टर करून टाकलं. नंतर तिनेच सांगितलं की बाबा, नीट दिसलं नव्हतं. मेळघाट वेगळं आणि इथलं वेगळं. काय, आई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर मी चोरटेपणा शोधला. नव्हता. खोटं बोलताना त्याचा डावा डोळा बारीक होतो, लहानपणापासून. तोही झाला नाही. दीड महिन्यात त्याने स्वतःला पटवून घेतलं होतं. त्याला खरंच वाटत होतं की आई चुकली. त्याच्यापुरतं आता कोणाचंच काही गेलं नव्हतं, ना घुबडाचं, ना त्याचं. त्याला असं हलकं झालेलं बघून मला त्याचा राग यायला हवा होता. आला, आणि त्याच वेळी बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा जास्त राग आला.

"हो," मी म्हटलं. "वय झालं."

यतीन म्हणाला, होतं असं, काकू, भल्याभल्यांचं होतं. आणि मला रायतं वाढलं.

ओवी टेबलाच्या टोकाला बसून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेसाठी तयार होऊन अंगणात आली. शाळेत हिवाळ्यातल्या पक्ष्यांचा तक्ता करायचा होता. कुंपणापाशी गवतात एक पक्षी चालत होता, तपकिरी, लांब शेपटीचा, जडशीळ. बाजूला झुडपात शिरला, पुन्हा निघाला. मी म्हटलं, भारद्वाज गं. इथलाही तसाच दिसतो, फक्त शेपटी जास्त लांब. लिही.

तिने पेन्सिल उचलली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं, वाईट वाटू नये अशा बेताने, मोठ्या माणसासारखं.

"आर यू शुअर, आजी? बिकॉज यू मिक्स देम अप, ना? बाबा सेड. आय विल जस्ट आस्क बाबा."

शैलेंद्र दारात बूट घालत होता. त्याने ऐकलं. एक बूट पायात, एक हातात, तसाच तो थांबला, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. आजीला सगळं कळतं, एवढंच. एवढ्याने ना कंपनी बुडत होती, ना व्हिसा. त्याने मान खाली घातली आणि नाडी बांधायला घेतली.

ओवी पेन्सिल धरून उभीच होती.

"विचार बाई बाबाला," मी म्हटलं. "मला खात्री नाही."